पाठीमागचा डोंगर

साताऱ्यात आमचा स्टुडिओ होता, तेव्हा आतल्या भिंतीवर एक रंगवलेला पडदा टांगलेला असे. पडद्यावर तळं, तळ्यात दोन हंस, काठाला संगमरवरी कठडा आणि मागं बर्फाचा डोंगर. वडिलांनी तो एका पेंटरकडून करून घेतला होता. पेंटरनं बर्फ कधी पाहिलं नव्हतं, वडिलांनीही नाही; दोघांनी मिळून एका कॅलेंडरवरून तो डोंगर उतरवला. नवी लग्नं झालेली जोडपी, नोकरीला लागलेला थोरला, मुंबईहून गणपतीला आलेला गिरणीवाला, सगळे त्या बर्फासमोर ताठ उभे राहून गेले. आणि दुकानाच्या दारात येऊन मान वर केली की समोर अख्खा अजिंक्यतारा! तो फोटोत यावा असं कुणी कधी म्हटलं नाही. आम्हालाही सुचलं नाही. रोज दिसणाऱ्या डोंगराचे पैसे कोण देणार?

या पुस्तकाला प्रस्तावना लिहायची ठरल्यावर पहिल्यांदा तो पडदाच डोळ्यांपुढं आला. यातली छायाचित्रं काढणारी मुलगी माझी विद्यार्थिनी. तिचं नाव मुखपृष्ठावर आहेच. मी तिला इथं नुसतं ‘ती’ म्हणतो, कारण वर्गात ज्या नावानं हाक मारायचो ते छापण्यासारखं नाही. शेवटच्या वर्षी सरावासाठी प्रत्येकानं एक विषय घ्यायचा असतो. तिनं घेतला तो असा : मोकळ्या जागेत माणसाचं व्यक्तिचित्र आणि त्याच्या मागं भूदृश्य. आजोळ वाई तालुक्यात, म्हणून मुक्काम तिथं. अभ्यासक्रम संपला, गुण मिळाले, तरी तिचं जाणं थांबेना. अशा चौदा महिन्यांच्या सरावातून निवडलेली ही चित्रं आहेत.

विषय ऐकायला फार सोपा आहे. पुढं माणूस, मागं डोंगर. आज ज्याच्या खिशात मोबाइल आहे तो हे दर रविवारी करतो. म्हणूनच तो अवघड आहे, हे तिला मी सांगून पाहिलं आणि तिनं, विद्यार्थ्यांच्या रिवाजाप्रमाणं, ऐकलं नाही.

पहिल्या खेपेला ती मेणवलीच्या घाटावरून फोटो घेऊन आली. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा हा कृष्णेचा घाट मुळातच देखणा, त्यात २००४ साली ‘स्वदेस’मध्ये दिसल्यापासून तिथं कॅमेऱ्यांना तोटा नाही. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी पायऱ्यांवर एकमेकांची वाट बघत रांगेनं बसलेली असतात. हिनं मैत्रिणीला काठावर बसवून पन्नासची लेन्स एफ १.८ वर उघडून फोटो काढले होते. चेहरा लख्ख, डोळ्यांत चमक, आणि मागं हिरवट-पिवळं काहीतरी वितळलेलं.

“मागं काय आहे?” मी विचारलं.

“डोंगर आहे, सर.”

“कुठला?”

ती गप्प. डोंगराचं लोणी झालं होतं. तो पांडवगड होता की वैराटगड, की पुण्यातल्या एखाद्या सोसायटीची बाग, हे त्या चित्रावरून कुणालाच सांगता आलं नसतं. “आमचा पडदा बरा होता,” मी म्हटलं. “निदान हंस तरी ओळखू यायचे.”

मागचं धूसर करून टाकणं हा वाईट प्रकार आहे असं मी म्हणत नाही. गर्दीतून एक चेहरा वेगळा काढायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण नव्या विद्यार्थ्याला मोठ्या छिद्राची लेन्स हातात आली की मागचं सगळं पुसून टाकायची चटक लागते. त्यात एक सोय असते : मागं काय आहे याचा विचारच करावा लागत नाही. भूदृश्यासह व्यक्तिचित्र काढायचं म्हणजे ती सोय सोडायची. मग क्षितिजाची रेघ माणसाच्या मानेतून जातेय का, विजेचा खांब डोक्यातून उगवलाय का, डोंगराचा उतार खांद्याला जोडून कुबड दिसतंय का, हे सगळं बघणं आलं. बहुतेक वेळा एक पाऊल डावीकडं सरकलं किंवा गुडघे वाकवले की काम होतं. पण हे आधी दिसावं लागतं, आणि दिसायला तिला तीन महिने लागले.

त्यानंतरची गोष्ट मला जरा सावकाश सांगायची आहे, कारण इथं पुष्कळ जण फसतात. तिची तक्रार होती की डोळ्यांना एवढा थोरला दिसणारा गड फोटोत मुंगीएवढा होतो. एका रविवारी मी तिच्याबरोबर वाईला गेलो. गावाबाहेरच्या खळ्यावर तिच्या मामींना उभं केलं. आधी चोवीस मिलिमीटरची लेन्स लावून एक मीटरवरून फोटो घेतला. कॅमेरा उभा धरला, तेव्हा डोक्यापासून गुडघ्याच्या जरा वरपर्यंत मामी चौकटीत बसल्या. मग त्यांना जागचं हलू दिलं नाही. आम्ही त्यांच्यापासून साडेतीन मीटरवर गेलो, पंच्याऐंशीची लेन्स लावली आणि तेवढ्याच मामी तेवढ्याच चौकटीत घेतल्या. दोन्ही फोटो शेजारी ठेवले. मामी त्याच, पण दुसऱ्यात गड साडेतीन पट मोठा! पहिल्यात तो कुंपणापलीकडचा उंचवटा होता, दुसऱ्यात मामींच्या पाठीशी घरच्या वडीलधाऱ्यासारखा उभा होता.

यात जादू काही नाही. डोंगर मैलावर असतो. आपण अडीच मीटर मागं सरकलो म्हणून त्याला काडीचा फरक पडत नाही. माणूस मात्र मागं सरकलं की लहान होतं, आणि ते लांब लेन्सनं पुन्हा मोठं करताना डोंगरही त्याच पटीत मोठा होतो. म्हणजे माणूस आणि डोंगर यांचं नातं लेन्स ठरवत नाही, आपले पाय ठरवतात. लेन्स फक्त चौकट कापते. पैसे न घालता शिकता येणारी ही गोष्ट आहे. झूम असलेली साधी लेन्सही तिला पुरते. जवळून रुंद लेन्सनं काढलं तर नाक मोठं आणि कान मागं गेलेले दिसतात, हेही त्याच अंतराचं देणं. मामींना पहिला फोटो अजिबात आवडला नाही, ते त्याचमुळं.

गड ठसठशीत हवा तर छिद्र लहान करायचं. चोवीसच्या लेन्सला एफ ८ वर अडीच मीटरच्या आसपास फोकस लावला की सव्वा मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्वच्छ येतं. पंच्याऐंशीला हे सुख नाही. तिथं मागचा गड थोडा मऊ होणारच. किती मऊ चालेल हा प्रश्न प्रत्येक चित्रात वेगळा सोडवलेला दिसेल. तिची कसोटी साधी आहे : त्या गावच्या माणसाला आपला डोंगर ओळखता आला पाहिजे.

उजेडाबद्दल थोडं. छायाचित्रणाची पुस्तकं आणि व्हिडिओ बहुतेक परदेशी. त्यांत सूर्यास्ताच्या आधीच्या सोनेरी तासाचं कौतुक असतं. तो तास आपल्याकडं नसतो. वाई अठरा अक्षांशावर आहे. इथं सूर्य जवळजवळ उभाच खाली उतरतो. क्षितिजाच्या वर सहा अंशांवर आल्यापासून मावळेपर्यंत पंचवीस ते अठ्ठावीस मिनिटं मिळतात. तेच सहा अंश उतरायला लंडनला चाळीस-पन्नास मिनिटं लागतात. त्यातून वाईच्या पश्चिमेला पाचगणी-महाबळेश्वरचं पठार. सूर्य क्षितिजाला टेकायची वाट कुठला बघतो, त्याच्या कितीतरी आधीच पठाराआड जातो. पहिल्या दोन महिन्यांत ती दिवसभर माणसाची ओळख करून घ्यायची, चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, आणि कॅमेरा काढेपर्यंत ऊन संपलेलं असायचं. पुढं ती पहाटेला वळली. नोव्हेंबर ते जानेवारी कृष्णेकाठी धुकं असतं, ते हळूहळू विरतं आणि गडाचा माथा आधी दिसायला लागतो. या पुस्तकातली निम्म्याहून अधिक चित्रं सकाळी साडेआठच्या आतली आहेत.

दुपारचं ऊन तिनं सोडून दिलं, आणि बरं केलं. मेच्या मध्यावर आपल्याकडं सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, डोळ्यांच्या खोबणीत काळे खड्डे पडतात. उन्हाळ्यात हवेतल्या धुळीनं पाच किलोमीटरवरचा डोंगर फिक्या कागदासारखा दिसतो, तो वेगळाच. मला सगळ्यात आवडतात ती आषाढ-श्रावणातली चित्रं. ढगातून गाळून आलेला उजेड सगळीकडून सारखा पडतो, चेहऱ्यावर कुठं कडक सावली नाही, आणि डोंगर इतका ओला काळा की त्याच्यापुढं कुणाचाही रंग उठून दिसतो.

रंगावरून आठवलं. सावळा चेहरा आणि मागं उजळ आभाळ ही आपल्याकडच्या फोटोवाल्याची जन्माची अडचण. कॅमेरा सगळ्या दृश्याची सरासरी काढतो, आभाळाला भिऊन उजेड कमी करतो आणि माणूस कोळसा होतो. यावर स्टुडिओवाल्यांचा उपाय माणूस गोरा करायचा. निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिलीनं काम केलं की छापताना तेवढा भाग उजळतो. मुलींचे दाखवायला पाठवायचे शेकडो फोटो मी असे केले आहेत, खोटं कशाला बोलू? आता मोबाइल तेच काम न विचारता करतो. तिनं मात्र चेहऱ्यावरून उजेड मोजायचा आणि आभाळ जाईल तिथं जाऊ द्यायचं असं ठरवलं. आभाळ वाचवायचंच असेल तर आजोबांचं धुतलेलं धोतर दोन काठ्यांना बांधून चेहऱ्याच्या बाजूला धरायचं, त्यावरून ऊन वळवायचं. धोतर धरायला मामेभाऊ. दुकानात मिळणाऱ्या रिफ्लेक्टरपेक्षा या धोतराचा उजेड मऊ असतो, असं माझंही मत झालं आहे.

आता थोडं मागं जाऊ. माणूस आणि त्याच्या मागची जागा यांची फारकत आपल्याकडं छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. फ्रान्समध्ये या कलेची जाहीर घोषणा १८३९ मध्ये झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले नावाजलेले छायाचित्रकार. त्याच मंडळींतल्या विल्यम जॉन्सन यांनी मुंबईत दिसणाऱ्या जातीजमातींच्या लोकांवर छायाचित्रांचे दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ मध्ये. पाहिले तर वाटतं, लोक मुंबईच्या रस्त्यात, देवळापुढं, झाडाखाली उभे आहेत. खरं म्हणजे माणसं एका जागी टिपली होती, मागचं दृश्य दुसऱ्या निगेटिव्हवरचं होतं, आणि दोन्ही जोडून एक चित्र केलं होतं. जवळून पाहिलं की माणसाची कड कातरलेली दिसते. पाय जमिनीला टेकल्यासारखे वाटत नाहीत.

त्या काळच्या अडचणी खऱ्या होत्या. काचेच्या पट्ट्या, ओलं रसायन, काही सेकंद न हलता उभं राहणं. तरी जोडण्याची ती वृत्ती मला ओळखीची वाटते, कारण आमचा बर्फाचा डोंगर तिचाच पणतू. माणूस कोण हे ठरवणार फोटोवाला, आणि तो कुठं शोभेल हेही फोटोवालाच ठरवणार. याच्या उलट, जर्मनीत छायाचित्रकार आउगुस्ट सांडर सायकलवरून खेडोपाडी हिंडला आणि १९१४ मध्ये नाचाला निघालेल्या तीन तरुण शेतकऱ्यांना त्यानं वाटेतच उभं केलं. हातात काठ्या, डोक्यावर हॅट, मागं नुसतं रान. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं. त्या चित्रात रान जवळजवळ काहीच करत नाही, आणि तरी ते काढून टाकलं तर ते तिघं कुठल्याही शहरातले छबकडे होतील. हे चित्र मी वर्गात दर वर्षी दाखवतो. मराठीपुरतं बोलायचं तर व्यंकटेश माडगूळकरांनी १९४९ मध्ये ‘माणदेशी माणसं’ लिहून लेखणीनं हे काम केलंच होतं. त्या माणसांच्या अंगाला माणदेशाची माती आहे, ती झटकली तर माणसं उरत नाहीत. कॅमेरेवाल्यांना ते उशिरा कळलं.

तिला ते कळलं त्याला एक आजी कारण झाल्या. पांडवगडाच्या पायथ्याचं गाव. आजी ऐंशीच्या घरातल्या, नऊवारी, कपाळावर गोंदण. सकाळची वेळ, धुकं निघून चाललेलं, गडाचा माथा नुकताच मोकळा झालेला. कुठल्याही विद्यार्थ्याला वेड लागावं असा उजेड. हिनं आजींना गडासमोर उभं केलं, पाठ गडाकडं, तोंड कॅमेऱ्याकडं. आजी उभ्या राहिल्या आणि लगेच बाजूला झाल्या. पुन्हा उभं केलं, पुन्हा झाल्या. हिला वाटलं ऊन लागत असेल. शेवटी आजीच म्हणाल्या, “त्येच्याकडं पाठ करून कशी हुबी ऱ्हाऊ, पोरी? वर पांडजाई हाय.”

गडावर पांडजाईचं देऊळ आहे. देवळातून निघतानाही आपण दोन पावलं मागं सरकत निघतो, देवाला पाठ दाखवत नाही. आजींच्या लेखी सगळा गडच देवीचं घर. त्याला पाठीमागं टाकून फोटो काढायचा, हे आम्ही शहाण्यांनी शिकवलेलं होतं. पार्श्वभूमी या शब्दातलं ‘पार्श्व’ म्हणजे बाजू, पाठ नव्हे, हे माझ्याही कधी लक्षात आलं नव्हतं.

मग आजी ज्या बाजूनं उभ्या राहिल्या तिथं तिनं कॅमेरा नेला. आजी चौकटीच्या उजव्या कडेला, एका बाजूनं दिसणाऱ्या, नजर वर, गड डावीकडं. दोघांच्या मधली जागा रिकामी. चेहऱ्याचा अर्धाच भाग दिसतो, एक डोळा, गोंदणाचा एक ठिपका. नियमानं पाहिलं तर चित्र डावीकडं कलतं. पान ३१ वर ते आहे आणि मला ते पुस्तकातलं सगळ्यात चांगलं वाटतं.

त्या दिवसापासून तिनं एक पद्धत ठेवली. माणसाला उभं करायचं नाही, “कुठं उभं राहू?” असं त्यानं विचारलं तर “तुम्हाला कुठं बरं वाटतं?” असं उलट विचारायचं, आणि मग आपण पाय हलवायचे. यात वेळ जातो. कित्येक जण पहिल्यांदा भिंतीला टेकून पासपोर्टच्या फोटोसारखे उभे राहतात, कारण फोटो म्हणजे तेच त्यांना माहीत. त्यांना तसं उभं राहू द्यायचं, एक फोटो काढायचा, आणि थांबायचं. दुसरी जागा ते स्वतः सुचवतात.

धोमच्या धरणाकाठी एका गृहस्थांनी पाण्याकडं बोट केलं. त्यांचं घर पाण्याखाली गेलेलं; मागं दिसतो तो नुसता जलाशय आणि पलीकडचा काठ. “हितनं खाली आमचं आवार,” एवढंच ते बोलले. मी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चित्रांची टिपणं वाचली नव्हती, आणि मला ते रिकामं वाटलं होतं. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जाणाऱ्या धनगरांचीही चार चित्रं आहेत. त्यांनी जागा निवडायचा प्रश्नच नव्हता. मेंढरं चालली की तेही चालले, आणि ही धापा टाकत मागं. त्यांतल्या दोन चित्रांत क्षितिज वाकडं आहे. तिनं ते सरळ करायचं नाकारलं, मी फार आग्रह धरला नाही.

सगळंच जमलंय असं नाही. पाचगणीकडच्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यातली चित्रं मी असतो तर काढून टाकली असती. फळं लाल, माणसं हसरी, मागं दरी, आणि सगळं पर्यटन खात्याच्या भित्तिपत्रकासारखं. तिथं तिला घाई झालेली दिसते, किंवा मळ्याच्या मालकाला. टेबललँडवर घोडेवाल्याचं एक चित्र आहे, त्यात घोडा इतका रुबाबदार आलाय की माणूस त्याचा नोकर वाटतो; ते राहू दे. आणखी एक : बायकांच्या चित्रांपेक्षा पुरुषांची चित्रं कमी पडतात. पुरुष फोटो काढायचा म्हटलं की अजून छाती पुढं काढतात, आणि ती छाती खाली बसेपर्यंत थांबायला ती अजून शिकते आहे.

वाचकांना एक विनंती. टिपणं शेवटच्या पानांत दिली आहेत, ती आधी वाचू नका. एकेका चित्रात आधी माणूस बघा, मग मागचं, मग पुन्हा माणूस. कुणी छायाचित्रण शिकत असेल तर त्यानं प्रत्येक पानापाशी एवढं शोधावं की कॅमेरा माणसापासून किती अंतरावर होता. सावल्यांवरून वेळही काढता येते. दहा-बारा पानांनंतर सवय होते.

छपाईला जाण्याआधी ती पान ३१ वरचा फोटो मोठा छापून, चौकट करून आजींना देऊन आली. पंधरा दिवसांनी मी सहज त्या गावावरून जात होतो, म्हणून घरात डोकावलो. फोटो देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर लावला होता, आणि काचेवर, डावीकडं, गडाच्या माथ्याशी, कुंकवाचं बोट टेकवलेलं होतं. पुस्तकात छापलेला फोटो त्याच्या आधीचा आहे.